ढेकूळ उडालं की समजा चंडोल

सोलापुरात पक्षी बघायला सुरुवात केलेल्या माणसाला पहिले सहा महिने तलाव पुरतात. हिप्परगा, होटगी, सुट्टी असेल तर उजनी. पाण्यावरचे पक्षी अंगापिंडाने मोठे, रंगाने ठसठशीत आणि बराच वेळ एका जागी बसणारे. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळवायला फारशी अडचण येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, चला एकदा माळावर जाऊ. बार्शी रस्त्याला नान्नजच्या आसपास गाडी थांबते, माणूस उतरतो, चारी दिशांना दुर्बीण फिरवतो आणि विचारतो, "पक्षी कुठायत?"

मीही विचारलं होतं. समोर मुरमाड बरड, पिवळं पडलेलं कुसळी गवत, बोरीची दोन झुडपं आणि लांबवर मेंढरांचा एक कळप. तेवढ्यात दहा पावलांवरचं एक ढेकूळ उडालं, थोडं पुढं जाऊन बसलं आणि पुन्हा ढेकूळ झालं. ती डोंबारी चंडोलाची मादी होती हे मला कळायला पुढचे दोन महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी हे घराणं समजून घ्या

चंडोल म्हणजे एकच पक्षी, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. खरं तर ते घराणं आहे. जगात त्याच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत. आपल्याकडे सोलापूरच्या पंचक्रोशीत वर्षभर चिकाटीने फिरलात तर सहा-सात तरी पदरात पडतात. सगळे चिमणीएवढे किंवा जरा मोठे, सगळे मातकट, आणि सगळ्यांचा संसार जमिनीवर. चरायचं जमिनीवर, झोपायचं जमिनीवर, अंडी घालायची तीही जमिनीवरच.

आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. त्यामुळे जिथं माणसाने पाणी आणलेलं नाही तिथं गवत, काटेरी झुडपं आणि मुरूम एवढाच कारभार. ज्या पक्ष्याला झाडाची गरज नाही त्याला ही जागा उत्तम. अडचण फक्त गाण्याची होते. आपली हद्द सांगायची, मादीला बोलवायचं, तर आवाज लांब जायला हवा. झाडीतला पक्षी शेंड्यावर जाऊन बसतो. इथं शेंडाच नाही. म्हणून चंडोलाचा नर हवेत चढतो आणि उडता उडता गातो. दमछाक करणारं काम आहे. युरोपातल्या आभाळी चंडोलावर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ससाणा मागे लागलेला असतानाही जो चंडोल नीट गात राहतो, त्याचा पाठलाग ससाणा लवकर सोडून देतो. पळता पळता गातोय म्हणजे गडी दमदार आहे, हाती लागायचा नाही, एवढं शिकाऱ्यालाही कळतं.

नवख्याच्या कामाची गोष्ट इथंच आहे. रंग बघून चंडोल ओळखायला जाल तर डोकं धराल, कारण रंग लपण्यासाठीच आहे. प्रत्येक जातीचं वर चढणं, गाणं आणि खाली येणं मात्र वेगळं असतं, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणूनच केलेलं असतं. तेव्हा पक्षी काय करतोय ते आधी बघा. कसा दिसतो ते नंतर.

कुठं जायचं

माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं आणि नान्नजचं नाव देशभरातल्या पक्षी बघणाऱ्यांना माहीत झालं. माळढोक दिसण्याची आशा आता धरू नका. पण माळढोकासाठी राखलेल्या गवतावर चंडोलांची चंगळ आहे. आत जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या, आणि वेळ, शुल्क, कुठवर चालता येतं हे तिथल्या वनरक्षकालाच विचारा. वनरक्षकाशी दहा मिनिटं बोलणं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी पडतं, हा माझा अनुभव.

चंडोलासाठी अभयारण्यच हवं असं मात्र नाही. मार्डीकडे, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, अक्कलकोटकडे जाताना, तुळजापूरच्या रस्त्याला, जिथं गायरान आणि नांगरट शेजारी शेजारी दिसेल तिथं थांबा. तीन प्रकारची जमीन लक्षात ठेवा. उघडं बरड, म्हणजे मुरूम, दगड आणि तुरळक गवत. दुसरं काळं रान, नांगरून ढेकळं तापत पडलेलं किंवा पीक निघालेलं. तिसरं जरा दाट, गुडघाभर गवत, त्यात बोर-तरवडाची झुडपं. तीनही जागांचे चंडोल वेगळे. एकाच सकाळी तीनही गाठता आल्या तर सोनं.

शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा. सोलापूरचा शेतकरी नाही म्हणत नाही, उलट डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला बसवून घेतो आणि पक्षी बघायचे राहून जातात. पण न विचारता दुर्बीण गळ्यात घालून बांधावर फिरणारा माणूस जमीन मोजायला आलाय असं वाटून गाव गोळा होतं. हेही अनुभवाचंच.

वेळ आणि सामान

उजाडताना जागेवर पोचलेलं असावं. सूर्य कासराभर वर येईपर्यंतचे दोन तास खरे. एप्रिल-मे महिन्यात नऊनंतर माळावर थांबणं म्हणजे स्वतःची भाकरी भाजून घेणं. त्या वेळी चंडोलही चोच उघडी टाकून ढेकळाच्या वीतभर सावलीत उभे असतात. संध्याकाळी शेवटचा तासही बरा, पण सकाळसारखा नाही.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. कॅमेरा पहिल्या चार फेऱ्यांना घरी ठेवा. फोटोच्या नादात पक्षी काय करत होता ते बघायचं राहतं आणि हाती येतो ढेकळासारख्या पक्ष्याचा धूसर फोटो. टोपी, दोन लिटर पाणी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. बंद बूट घाला, आणि गवत वाळलेलं असेल तर मोज्यांची आशा सोडून द्या, कुसळं त्यांची चाळण करतात. दगड उलथून बघायची हौस नको. मुरमाड माळावर दगडाखाली फुरसं असतं, आणि ते दिसायच्या आधी डसतं.

पहिलं काम: बसा

नवखा माणूस माळावर चालत सुटतो. चालणाऱ्या माणसापुढं चंडोल दबकत दबकत पळतो, मग उडतो, आणि दिसते ती पाठ. एकदा मी असाच तासभर तंगडतोड केल्यावर एका झुडपाखाली काठीवर हनुवटी टेकून उभे असलेले धनगर मामा म्हणाले, "काय हुडकायलाय वो मगापासनं?"

"पक्षी बघतोय मामा. चंडोल."

"मग पळताय कशाला? ती काय शेरडं हायत व्हय, मागं लागून गावायला? बसा हितं. तीच येत्यात."

बसलो. दहा मिनिटांत मेंढरांच्या पायांमागून चार पक्षी चरत पुढं आले. मेंढरं चालली की गवतातले किडे उडतात, म्हणून. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे: सूर्य पाठीशी घ्यायचा, बांध किंवा झुडूप टेकायला धरायचं आणि निदान वीस मिनिटं हलायचं नाही. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. त्यानंतर आजूबाजूची काही ढेकळं चालायला लागतात.

दुसरं काम: एक डोंबारी पक्का करा

सगळ्या जाती एकदम शिकायला जाऊ नका. सुरुवात डोंबारीपासून. इंग्रजीत त्याला अ‍ॅशी-क्राउन्ड स्पॅरो लार्क म्हणतात, अ‍ॅपमध्ये त्याच नावाने शोधा. साऱ्या चंडोलांत हा एकटाच रंगावरूनही ओळखू येतो, निदान नर तरी. डोक्यावर राखाडी टोपी, गाल मळकट पांढरे, आणि डोळ्यातून जाणारी काळी पट्टी, गळा, छाती, पोट सगळं काळं. उन्हात तो पाठमोरा असला की नुसती माती. तोंड फिरवलं की काजळ. मादी मात्र घरच्या चिमणीच्या मादीसारखी फिकी. तिला एकटीला ओळखायच्या भानगडीत पहिल्या दिवशी पडू नका, नराजवळ आहे म्हणजे तीच, एवढ्यावर भागवा.

काळं रान, नांगरट, उघडं बरड, गावाबाहेरची धुळीची वाट, इथं तो हमखास. आता त्याचा खेळ बघा. नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, कधी तीसेक मीटरपर्यंत. मग पंख मिटतो आणि डोकं खाली करून दगडासारखा पडतो. थोडं पडून झालं की त्याच वेगाच्या जोरावर झोका घेतल्यासारखा वळून पुन्हा वर, क्षणभर फडफड, पुन्हा खाली. पडताना एक लांब, ओढलेली शीळ. झोका, शीळ, झोका, शीळ, असं करत तो जमिनीपर्यंत येतो, आणि आता आपटतोच असं वाटेपर्यंत पंख उघडत नाही. शेवटी सावरून एखाद्या ढेकळावर उतरतो आणि इकडंतिकडं बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नाव कुठून आलं असेल ते सांगायला नको.

हा खेळ सलग चार-पाच वेळा बघा. कुठल्या ढेकळावरून चढतो, कुठं उतरतो, दुसरा नर जवळ आला तर काय करतो. एका नराची हद्द तुम्हाला नुसती बसून आखता येते. वहीत चौकोन काढून ढेकळं, बांध, झुडूप मांडा आणि प्रत्येक उतरण्याला फुली मारा. अर्ध्या तासात त्याची शेती कुठून कुठवर ते कागदावर येतं. हे मी शाळेतल्या पोरांकडून करून घेतलंय, मोठ्या माणसांपेक्षा ती चांगली करतात.

थंडीत डोंबाऱ्यांचे थवे होतात, तेव्हा खेळ कमी आणि चरणं जास्त. आणखी एक सवय बघून ठेवा: घार किंवा भोवत्या (माळावरचा शिकारी पक्षी, इंग्रजीत हॅरिअर) वरून गेला की हे उडून पळत नाहीत. जागच्या जागी जमिनीला चिकटतात. हिवाळ्यात नान्नजच्या गवतावरून भोवत्या हेलकावत निघाला, की त्याच्या वाटेतली सगळी हालचाल अशी थांबते, जणू कुणी दिवा मालवला.

तिसरं काम: जे चंडोल नाहीत ते बाजूला काढा

दोन चाचण्या पुरतात. पहिली, पक्षी चालतो की उड्या मारतो? चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. चंडोल एक एक पाय टाकत चालतो, घाईत असला तर तुरुतुरु पळतो. उड्या मारत असेल तर चंडोल नाही, विषय संपला.

दुसरी चाचणी तिरचिमणीसाठी, इंग्रजीत पिपिट. हिने मला पहिलं वर्षभर फसवलं. तीही मातकट, तीही चालते, तीही जमिनीवर. पण तिची अंगलट सडपातळ, पाय लांब, उभं राहणं ताठ, चोच बारीक, आणि चालता चालता शेपूट खाली-वर हलत राहते. चंडोल ठेंगणा, गोलसर, मान आखडून दबकणारा, आणि दाणे फोडायची असल्यामुळे चोच जाड. माझ्या जुन्या वहीतल्या पहिल्या अकरा 'चंडोलां'पैकी सात तिरचिमण्या होत्या, हे मी नंतर लाल पेनाने दुरुस्त केलंय. खोडलं नाही. तुम्हीही खोडू नका.

चौथं काम: बाकीचे, त्यांच्या खेळावरून

डोंबारी डोळ्यांत बसला की त्याच्याशी ताडून बाकीचे बघायचे.

दगडाळ बरडावर किंवा नांगरटीच्या कडेला डोंबारीपेक्षा चांगलाच मोठा, गडद तपकिरी, पोटाकडे तांबूस असा चंडोल दिसला, तर तो उडेपर्यंत थांबा. शेपूट तांबडी आणि तिच्या टोकाला काळा पट्टा असेल तर लाल शेपटीचा चंडोल, रूफस-टेल्ड लार्क. चोच दणकट. हा दगडावर, बांधावर, अगदी तारेवरही बसतो, त्यामुळे नवख्याला डोंबारीनंतर हाच सोपा. यालाही हवेत चढून टप्प्याटप्प्याने कोसळायची सवय आहे, पण डोंबारीची ती लांब शीळ याच्या गळ्यात नाही.

झुडपं असलेल्या गवतात बसलात आणि एखादा पक्षी बोरीच्या शेंड्यावरून दहाएक मीटर वर चढला, बारीक चिरचिरत गायला आणि पंख वर उंचावून, पाय लोंबते सोडून, छत्री घेऊन उतरावं तसा हळूहळू पुन्हा झुडपावर आला, तर तो झुडपी चंडोल, इंडियन बुशलार्क. उडताना पंखात तांबूस रंग चमकतो. डोंबारी पडतो, झुडपी तरंगतो. एवढा एक फरक ध्यानात धरला तरी दुरून, दुर्बिणीशिवाय, दोघं वेगळे काढता येतात.

त्याचाच भाऊबंद म्हणजे गाणारा झुडपी चंडोल, सिंगिंग बुशलार्क. पावसाळ्यात गवत उभं राहिलं की ऐकू येतो. शेपटीच्या दोन्ही कडांची पिसं पांढरी. गाणं लांबलचक, हवेत रेंगाळत म्हटलेलं, आणि त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. जुलै-ऑगस्टला माळ कंटाळवाणा असतो असं म्हणणाऱ्यांनी याला ऐकलेलं नसतं.

आता माझा लाडका. डोक्यावर बारकी टोकदार शेंडी, अंगावर तांबूस झाक, छातीवर अगदी मोजक्या रेघा. हा दख्खनचा शेंडीवाला चंडोल, साइक्स लार्क. फक्त भारतात सापडतो, आणि भारतातही मुख्यतः आपल्या दख्खनच्या पठारावर. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी, त्याने 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीला नाव दिलं 'देवा'. म्हणजे हा देवाघरचा चंडोल आपल्या बरडावर राहतो आणि आपण तो बघायला कच्छला जातो. हवेत उंच जाऊन बराच वेळ गातो आणि नकला करण्यात पटाईत आहे. एकदा भर माळावर डोक्यावरून टिटवी ओरडत गेली म्हणून मी मान मोडेस्तोवर टिटवी शोधली. वर चंडोल होता. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या अंगाला याचा भाऊ मलबारी शेंडीवाला राहतो, तो थोराड आणि छातीवर जास्त रेघांचा.

त्याच साइक्सने त्याच यादीत आणखी एका चंडोलाला 'दखुनेन्सिस' म्हटलं, म्हणजे दख्खनचा. गंमत अशी की हा इथला नाहीच, थंडीपुरता पाहुणा. मंगोलिया-तिबेटकडे पिल्लं वाढवतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला आपल्याकडे येऊन मार्चपर्यंत राहतो. आखूड बोटांचा चंडोल. एकटा सहसा भेटत नाही. पीक निघालेल्या रानातून सबंध थवा उठतो, लाटेसारखा वळतो आणि पुन्हा त्याच रानात विरून जातो. फिका रंग, मानेच्या बाजूला काळसर डाग. थव्यात किती आहेत ते मोजायचा प्रयत्न करा, एक सकाळ मजेत जाते.

आणि आभाळी चंडोल, ओरिएंटल स्कायलार्क. तलावाकाठच्या ओलसर गवतात, हिप्परग्याच्या किंवा उजनीच्या काठाला शोधा. इतका वर जातो की ठिपका होतो, आणि मिनिटामागून मिनिट थांबत नाही. आवाज येतो, पक्षी दिसत नाही, अशी तक्रार असेल तर हाच.

कान आणि फोन

मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. वापरा, पण चंडोलाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. नकल्या चंडोल गात असताना अ‍ॅपने झाड नसलेल्या माळावर मला चार झाडांवरचे पक्षी दाखवले होते. त्यापेक्षा फोनवर रेकॉर्ड करा, घरी ऐका, आणि त्या आवाजाच्या वेळी पक्षी चढत होता की उतरत होता ते वहीत लिहा. उलटा उद्योग, म्हणजे फोनवर गाणं वाजवून नराला जवळ बोलावणं, करू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसलाय. तो घरटं सोडून तुमच्या खिशाशी भांडत बसतो.

घरट्याच्या आसपास

हा भाग सावकाश वाचा, कारण माळावरच्या नवख्याच्या हातून सगळ्यात मोठी चूक इथंच होते, तीही पायाने.

डोंबारीचं घरटं म्हणजे जमिनीतली उथळ वाटी. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला, आत गवत, केस, मऊसर काहीबाही, आणि काठाला बारीक खडे रचलेले. अंडी दोन किंवा तीन, ठिपक्यांची. नर-मादी दोघं आळीपाळीने बसतात, तेरा-चौदा दिवस. पिल्लं उघडी पडली की त्यांना उन्हापासून झाकायलाही दोघं असतात. चंडोलाच्या पिल्लांची जीभ बघण्यासारखी असते, तिच्यावर काळे ठिपके असतात. पण ते फोटोत बघा. पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडून आसपास विखुरतात, म्हणजे रिकामं घरटं दिसलं तरी पाऊल जपूनच टाकायचं. पिल्लू तुमच्या बुटाशेजारीच बसलेलं असू शकतं, आणि ते हलणार नाही, कारण न हलणं हेच त्याला येतं.

ओळखायची खूण: चोचीत अळी किंवा टोळ धरलेला पक्षी समोर अस्वस्थ फिरतोय, पण खाली उतरत नाही. समजा, तुम्ही त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये आहात. आल्या पावली, त्याच वाटेने मागं फिरा. जागा दाखवायला काठी रोवू नका, कावळ्याला तेवढी खूण पुरते. चार मित्रांना घेऊन बघायला येऊ नका. खोकड, मुंगूस, घोरपड हे सगळे त्याच माळावर पोट भरतात, त्यांना वाट करून द्यायची गरज नाही. अंडी किंवा पिल्लं उचलणं, पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. सोलापूरची ज्वारी रब्बीची. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तोवर रान रिकामं, आणि तण काढायला पाऊस पडेल तशा कुळवाच्या पाळ्या. चंडोलाला रिकामं काळं रान दिसतं, तो घरटं करतो, आणि पंधरा दिवसांत कुळव येतो. यात कुणाचा दोष काढायचा? ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात मी बसलो असताना त्याच्या बैलांच्या पुढून मादी उडाली. त्याने कुळव उचलला, दोन हात पुढं नेऊन पुन्हा टाकला. मागं परातीएवढा तुकडा तणासकट राहिला. मला म्हणाला, "राहू दे तेवढं. परातभर तणानं काय बुडत नाय." ट्रॅक्टर असता तर त्याला मादी दिसली असती का, सांगता येत नाही. ओळखीचा ट्रॅक्टरवाला असेल तर त्याला सांगून ठेवा, कुळव उचलायला त्यालाही एक दांडाच ओढावा लागतो.

जाता जाता झाडांबद्दल. माझ्या नेहमीच्या एका बरडावर काही उत्साही मंडळींनी पावसाळ्यात खड्डे घेऊन रोपं लावली. फलक लागला, फोटो निघाले. रोपं तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बरीचशी जगली, आणि डोंबारी तिथून गेला. कावळ्याला आता बसायला फांदी आहे आणि तिथून घरटी दिसतात. कागदोपत्री 'पडीक' लिहिलेली जमीन रिकामी वाटते, म्हणून हे होतं. तुमच्या ओळखीत कुणी वृक्षारोपणाला जागा शोधत असेल तर त्याला आधी एक सकाळ माळावर बसवा.

वही

अ‍ॅपवर यादी जरूर टाका, ई-बर्डवर टाकलेली नोंद पुढं अभ्यासाला उपयोगी पडते. पण चंडोलासाठी कागदाची वही वेगळी ठेवा. नाव शेवटच्या रकान्यात, आणि माहीत नसेल तर कोरं. जमीन कशी, चालला की उडाला, किती वर चढला, उतरताना पडला की तरंगला, उतरला कशावर, हे आधी. नमुन्याला माझ्या वहीतलं पान देतो:

"मार्डीच्या अलीकडे. मार्चचा दुसरा आठवडा, सकाळी 6.50. काळं रान, नांगरलेलं, मोठी ढेकळं. एक पक्षी चार वेळा वर. पडत पडत खाली, दर वेळी शीळ. चारही वेळा बांधालगतच्या त्याच ढेकळावर. नर डोंबारी. बांधापलीकडे बरडावर दुसरा, मोठा, दगडावर उभा, गायला नाही. उडाला तेव्हा शेपूट बघायची राहिली. नाव: कोरं. उद्या परत."